एक सूर जास्त

कारोआमध्ये लग्न असेल आणि वाजवायला जांदिरा नसेल, तर लोक त्याला लग्न म्हणत नाहीत, जेवण म्हणतात. बाहिया प्रांतातल्या या कोरड्या मुलखात मोठा वाद्यवृंद कुणाला परवडत नाही, आणि खरं सांगायचं तर लागतही नाही. एक कीबोर्ड, एक माइक आणि मागे जांदिरा, एवढ्यावर गाव बावीस वर्षं नाचलंय. बाई पन्नाशीच्या पुढची, अंगानं आडवी, जिभेनं तिखट. फर्माईश घेऊन कुणी मंचापाशी आलाच, तर त्याला ती नुसत्या भुवईनं परत पाठवते.

तिचा कीबोर्डही तिच्याइतकाच मुरलेला. काठाला काळी चिकटपट्टी, आवाज वाढवायच्या खटक्याच्या जागी बाटलीचं बूच, पांढऱ्या पट्ट्या दुधाच्या कॉफीच्या रंगावर गेलेल्या. पण वाजायचा. एक पट्टी सोडून सगळा वाजायचा.

ती पट्टी म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'ला' या सुराची. सतरा वर्षांपूर्वी, जूनच्या शेकोट्यांच्या नाचात, कुणाच्या तरी हातातली जेनिपापो फळाची गोड दारू नेमकी तिच्यावर सांडली. साखर आत गेली ती गेलीच. दुरुस्तीवाल्यानं उघडून पाहिलं, हा भाग आता मिळत नाही म्हणाला आणि झाकण लावून हात झटकले. जांदिरानं हे कुणाला सांगितलं नाही. वाजवणाऱ्या बाईनं आपल्या वाद्याचं दुखणं गावभर करायचं नसतं, असं तिचं मत होतं.

पुढच्याच आठवड्यात अर्लिंदो खाटकाच्या थोरलीला पंधरा वर्षं पूर्ण झाली. पंधरावा वाढदिवस म्हणजे मुलीचा नाच. पांढरा झगा, बापाच्या हातात हात, आणि जांदिरानं स्वतः रचलेला वॉल्ट्झ. तो ती व्हायोलिनच्या आवाजावर वाजवते. त्यात सूर चढत चढत जातात, डावा हात थांबतो आणि उजवा एकटाच ती वरची 'ला' धरून ठेवतो. त्या संध्याकाळी जांदिरानं सवयीनं 'ला' दाबली आणि काहीच आलं नाही. सगळं दालन गप्प. अर्लिंदो एक पाय उचललेला तसाच उभा. पोरगी बावरली, आणि बावरलेली पोर घरातून निघताना रोज जे म्हणायची तेच म्हणाली, "आशीर्वाद द्या, बाबा." अर्लिंदोनं जन्मभर बैल कापले, कधी हात कापला नव्हता. तो "देव तुझं भलं करो, बाळा" म्हणता म्हणता ढसाढसा रडला. मग दालन रडलं. केक राखायला बसवलेली बाईसुद्धा रडली.

झालं. पुढच्या मुलीला तसंच हवं होतं, तिच्या पुढचीलाही. "दोना जांदिरा, तो थांबा काय सुचलाय तुम्हाला," असं लोक अदबीनं म्हणाले, आणि जांदिरा म्हणाली, "सुचतं कधीकधी." एवढं एकच खोटं ती बोलली, पण ते सतरा वर्षं चाललं. आता त्या जागी आशीर्वाद मागितल्याशिवाय कारोआतली मुलगी पंधराची होत नाही. गावातल्या पोरी शहरात शिकायला जातात, तिथल्या मैत्रिणींच्या नाचात भर वॉल्ट्झमध्ये खांबासारख्या उभ्या राहतात आणि जोडीदाराकडून पाय तुडवून घेतात. घरी येऊन सांगतात, शहरातल्या लोकांना वॉल्ट्झ येत नाही.

आणि या सतरा वर्षांत जांदिराचं बोट त्या जागी 'ला' दाबायचं काही सोडेना. पट्टी मुकी, तरी बोट जायचंच. न दाबणं म्हणजे पट्टी मेली हे कबूल करणं, आणि ते तिच्या स्वभावात नव्हतं.

यंदा पाळी तिच्याच लेकीची होती. ताइनारा. तिचा बाप ती चालायला लागायच्या आधी साओ पावलोला कामाला गेला आणि तिथेच दुसऱ्या घरचा झाला. त्याच्याबद्दल जांदिरा वाईट बोलत नसे. चांगलंही बोलत नसे. नाचात ताइनाराचा हात धरायला तिचा मामा, जांदिराचा धाकटा भाऊ वाल्मीर, तयार होता. मोटारी दुरुस्त करणारा, ताडमाड, आणि नाचायला लागला की दोन्ही पाय डावे.

ताइनारानं वाढदिवसाला मागितलं काय, तर आईसाठी नवा कीबोर्ड. मला झगा नको, कानातलं नको, सगळ्यांनी मिळून ते एक द्या. सोमवारी वाल्मीर तो गाडीतून घेऊन आला. काळाभोर, चकचकीत, एकही ओरखडा नाही.

"आठवडाभर वाजवून बघा म्हणालाय दुकानदार," वाल्मीर म्हणाला. "नाही पटला तर परत."

जांदिराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "जुन्याला काय झालंय?"

"ताई, जुन्याला काय नाही झालंय ते सांग, लवकर संपेल."

"वाजतो ना?"

"माझ्या गिऱ्हाइकांच्या गाड्यापण चालतात. उतारावर."

ताइनारा खोक्यातला थर्माकोलचा तुकडा हातात धरून उभी होती. "एकदा वाजवून तरी बघ ना, आई," एवढंच ती म्हणाली. लेकीच्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून जांदिरा पुढचं बोलणं गिळून गेली. शनिवारी नाच होऊ दे, मग ठरवू ठेवायचा की परत द्यायचा, असं म्हणून तिनं विषय मिटवला.

बुधवारी दुपारी बाजाराच्या दालनात तालीम होती. चौदा जोड्या, पंधरावी वाल्मीर आणि ताइनाराची. तालीम घ्यायला अर्लिंदो. सतरा वर्षांपूर्वी रडला तेव्हापासून गावातला प्रत्येक वॉल्ट्झ आपल्याच मालकीचा, असं तो धरून चालतो. जांदिरा नव्या कीबोर्डवर बसली. पट्ट्या जड होत्या, पण आवाज असा होता की तिला स्वतःलाच हसू आलं. सूर चढत गेले. डावा हात थांबला. बोट सवयीनं 'ला'वर गेलं.

आणि 'ला' वाजली.

चौदा जोड्या जागच्या जागी थांबल्या होत्या, आणि सूर मात्र त्यांच्या डोक्यावरून चालला होता, लांब, स्वच्छ. सुरामागे पुन्हा निघालेल्या दोन जोड्या एकमेकींवर आदळल्या. वाल्मीर ताइनाराच्या पायावर उभा राहिला.

"थांबवा, थांबवा," अर्लिंदो हात वर करून म्हणाला. "यंत्रात बिघाड आहे."

"कसला बिघाड?" जांदिरानं विचारलं.

"एक सूर जास्त आहे ह्याच्यात."

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्याही कानांना ते जाणवलं होतं. वाल्मीरनं तिथूनच दुकानदाराला फोन लावला, बराच वेळ बोलला आणि तोंड पाडून आला. "तो म्हणतो, सूर कमी वाजतो ही तक्रार त्यानं हजारदा ऐकलीय. जास्त वाजतो म्हणणारे आपणच पहिले."

जांदिरानं कीबोर्डचा खटका बंद केला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण तो राग वरवरचा होता. खाली दुसरंच काही चाललं होतं. तिशीत असताना, स्वैपाकघरातल्या टेबलावर हा वॉल्ट्झ रचला तेव्हा तिनं आधी ती 'ला' ऐकली होती, बाकीचे सूर तिच्यापर्यंत चढायला म्हणून जुळवले होते. हे ती विसरून गेली होती. सतरा वर्षं लोकांनी तिला शाबासकी दिली ती न वाजलेल्या सुराची, आणि आज वाजला तर त्याला बिघाड म्हणाले. आणि तो सूर काय होता! असा एक सूर आयुष्यात रचता आला याचा तिला त्या क्षणी सरळ सरळ अभिमान वाटला, आणि तो कुणाला सांगता येत नव्हता.

संध्याकाळी ती चुलीपाशी मक्याचा कुसकुस वाफवत होती, तेव्हा ताइनारा शेजारी येऊन उभी राहिली.

"आई, तो सूर तुझाच आहे ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? सात वर्षांची असल्यापासून कीबोर्ड मीच पुसते. ती पट्टी मेलीय ते मला कळणार नाही?"

जांदिरानं चुलीची आच कमी केली. मग म्हणाली, "आणि बोलली नाहीस कधी?"

"तू बोलत नव्हतीस, मग मी कशाला बोलू? घरातली गोष्ट."

पोरगी आपल्यावर गेलीय, असं जांदिराला वाटलं आणि बरं वाटलं. "मग नवा कशाला मागितलास? जुन्याची लाज वाटते?"

"जुन्याची नाही." ताइनारानं भांड्यावरचं झाकण उगाच उचलून परत ठेवलं. "त्या थांब्याची. तिथं सगळे श्वास रोखून बघत असतात. मी काय म्हणायचं? मामाकडे आशीर्वाद मागू? तो त्या जागी हमखास शिंकेल. नवा आला की सूर वाजेल, नाच पुढे सरकेल, आणि मला आशीर्वाद द्यायला कुणी नाही हे कुणाच्या लक्षातही येणार नाही."

जांदिराला हे सतरा वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. चाळीसएक बापांना तिनं कीबोर्डमागून रडताना पाहिलं होतं, पण आपल्या घरातली पोर तो थांबा मोजत मोठी होतेय, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. 

"वाजवीन," ती म्हणाली. "तुझ्या नाचात तो सूर मी वाजवणार. गावाला काय म्हणायचं ते म्हणू दे."

बोलून गप्प बसणारी ती नव्हे. शुक्रवारी सकाळी ती अर्लिंदोच्या दुकानात गेली आणि तीन गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "अर्लिंदो, सूर जास्त नाही. सतरा वर्षं एक कमी होता. पट्टी मेली होती."

अर्लिंदोनं सुरी खाली ठेवली. त्याला ते पचायला वेळ लागला. "म्हणजे माझ्या पोरीनं त्या दिवशी..."

"तुझ्या पोरीला तिच्या मनानं सुचलं. मी नुसती मुकी पट्टी दाबत होते."

"आणि इतकी वर्षं आमच्याकडून कौतुक करून घेतलंत?"

"तुम्ही करत होतात. मी अडवायचं का?"

एक गिऱ्हाईक हसलं. अर्लिंदो हसला नाही. "तुमचा सूर आहे, दोना जांदिरा, वाजवा तुम्ही," तो सावकाश म्हणाला. "पण आमचे पाय तिथं थांबतात, त्यांना कोण सांगणार?"

 ती ताठ मानेनं दुकानातून निघाली. सतरा वर्षांचं खोटं एका दमात टाकून आल्यावर अंग हलकं झालं होतं.

शनिवारी दालन भरलं. कोशिन्यांच्या, म्हणजे कोंबडीच्या तळलेल्या गोळ्यांच्या, परातींवरचं कापड अजून निघायचं होतं, कारण वॉल्ट्झ झाल्याशिवाय कारोआत कुणी घास उचलत नाही. ताइनारा पांढऱ्या झग्यात आली, अर्थात झगा नको म्हणूनही मावशीनं शिवलाच होता, आणि जांदिराला क्षणभर पट्ट्या दिसेनात. मग तिनं सुरुवात केली.

हा वॉल्ट्झ तीनदा फिरतो. पहिल्या फेरीत सूर चढले, डावा हात थांबला, आणि जांदिरानं 'ला' दाबली. मुद्दाम जोरात. लोकांचे पाय अडखळले, कुणीतरी चक्क शिवी हासडली, पण नाच पुढे सरकला. ताइनाराच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. दुसऱ्या फेरीत पाय जरा सावरले. सूर दालनाच्या पत्र्यापर्यंत पोचला, आणि खाली अर्लिंदो मान वर करून ऐकत उभा होता. त्याच्या तोंडावर राग नव्हता. जांदिराचा ऊर भरून आला. ऐका, ती मनात म्हणाली, हे मी केलंय.

तिसऱ्या फेरीत सूर चढायला लागले तेव्हा ताइनारानं मामाचा हात सोडला. वाल्मीर बिचारा हवेत हात धरून राहिला. पोरगी नाचणाऱ्या जोड्यांमधून वाट काढत निघाली, झगा दोन्ही हातांनी उचलून, आणि बरोबर मंचाखाली येऊन उभी राहिली. मान वर केली आणि आईकडे पाहिलं.

जांदिराचं बोट 'ला'वर गेलं होतं. ते तिनं उचललं. नुसतं बोट नाही, दोन्ही हात उचलले, सगळ्यांना दिसतील असे. पट्टी ठणठणीत होती आणि तरी दालन गप्प झालं, कारण तसं जांदिरानं ठरवलं होतं.

"आशीर्वाद दे, आई," ताइनारा म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण मागच्या बाकापर्यंत ऐकू गेला. इतक्या मुलींनी इतक्या बापांकडे जे मागितलं ते आपल्याकडेही कुणी मागेल, हे जांदिराच्या स्वप्नातही नव्हतं. दुसऱ्यांच्या पोरींचे नाच वाजवून वाजवून तिनं ही पोर वाढवली होती, एकटीनं, आणि आता ती गावासमोर उभी राहून सांगत होती की मला आशीर्वाद द्यायला माणूस आहे. जांदिराचे दोन्ही हात मोकळे होतेच. एक तिनं लेकीच्या दिशेनं पुढे केला. माइक तोंडासमोर होता, त्यामुळे पुढचं सगळ्या कारोआनं ऐकलं.

"देव तुझं भलं करो, ताइनारा. आणि मी आहेच."

वाल्मीर शिंकला. कुणी हसलं नाही. जांदिरानं हात खाली आणला आणि 'ला' दाबली, आणि तिला हवा तेवढा वेळ दाबून ठेवली.