चौथं शील

“बाई, माझ्या धर्माला चौथं शील शेवटी शिकवा,” मनुबाई म्हणाली होती. “न्हायतर शिकवूच नका. खरं बोलायला पाठीशी जमीन लागते. आमच्या पाठीशी काय हाय?”

मी हसले होते. मी कॉलेजात शिकलेली. खोटं न बोलण्याचं शीलच गाळलं, तर उपासकांचा पुढारी घडणार कसा?

येवल्याच्या परिषदेनंतरचं ते वर्ष. अलिबागला आमच्या ओटीवर दर रविवारी वर्ग भरे. तयार झालेल्याने एखाद्या वाडीत जाऊन राहायचं, भटाशिवाय बारसं, लग्न, मूठमाती करायची, मेलेली ढोरं ओढणं सोडा म्हणून लोकांना सांगायचं. काशीदहून अलिबागला येऊन राहिलेल्या मनुबाईचा धर्मा हा एकुलता एक. पाचही शीलं त्याला महिन्यात पाठ झाली.

परीक्षेत मी विचारलं, “खरं सांगून तुझ्याच जिवावर बेतणार असेल तर?”

“मग गप बसन, बाई.”

मांडीवर बाळ किरकिरत होतं. त्याला थोपटत मी म्हटलं, “चूक. पुढाऱ्याने गप्प बसायचं नाही. लोक तुझ्याकडे बघून शिकणार.” बरोबर उत्तर त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

पाऊस सरल्यावर तो म्हसळ्याजवळच्या एका वाडीत गेला. दर सभेनंतर मला कार्ड टाकायचं, असा नियम. सहा कार्डं आली. सहाव्यात होतं: ‘पाटलाचा बैल मेला. कोणी ओढला नाही. ही कोणाची शिकवण, म्हणून चावडीवर विचारलं. सगळे खाली बघत राहिले. मी उठून माझी म्हणालो. बाई, या वेळी उत्तर बरोबर आलं ना?’

त्यानंतर तीन रविवार कार्ड नाही.

आमचे हे वकील. पण म्हसळा जंजिरा संस्थानात, इथल्या कोर्टाचा हात तिथे पोचत नाही. यांनी कारकुनाला पाठवलं. वाडीतल्यांनी त्याला सांगितलं, असा माणूस इथे आलाच नाही. ज्यांना धर्माने चौथं शील दिलं, त्यांनीच. पण एका झोपडीच्या दारात कारकुनाला छत्री टांगलेली दिसली. तिच्या कापडाला लाल ठिगळ होतं. धर्मा निघाला तेव्हा ते मीच लावलं होतं.

मनुबाई रोज ओटीवर येऊन बसते. काल एवढंच म्हणाली, “पास झाला ना माझा पोर?” मी बाळाला उचलून आत गेले.

तुमच्यापैकी कोणी म्हसळ्याकडे जाणार असेल, तर त्या वाडीत धर्माची चौकशी करा. अंगाने उंच, डाव्या भुवईवर वण. ‘नाही’ म्हणाले तर लगेच निघू नका. ती छत्री कोणाची, तेवढं विचारा.