शून्यापैकी शून्य

समजा, तुम्ही जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला आहात. शेजारी नऊ वर्षांची एक मुलगी आहे. एका जागी बूड टिकत नाही, म्हणून सगळी इमारत तिला भिंगरी म्हणते. समोर सेक्रेटरीकाका दारावरच्या कागदावर कालचा अठ्ठावीस खोडून एकोणतीस लिहीत आहेत. इतके दिवस इमारतीत साथीचा एकही रुग्ण नाही. तीस झाले की मागच्या अंगणाचं कुलूप निघणार, असं ठरलं होतं. दोन महिने मुलांनी ते अंगण फक्त खिडकीतून पाहिलं होतं.

"उद्या!" काका पेनाचं टोपण लावत म्हणाले. "उद्या घाला काय धिंगाणा घालायचा तो."

तेवढ्यात तपासणीच्या नर्सबाई आल्या. खांद्याला निळी पेटी, चष्म्यावर वाफ.

"पुन्हा आलात?" काका म्हणाले. "अहो, आमच्याकडे सगळे ठणठणीत. हा बघा आकडा."

"बघितला. पण तपासले किती जण?"

"आजारीच कोणी नाही, तर तपासायचं कुणाला?"

"म्हणजे शून्य तपासले, त्यातले शून्य सापडले." नर्सबाईंनी पेटी खाली ठेवली आणि भिंगरीकडे पाहिलं. "तू सांग गं. डोक्यातून फणी फिरवलीच नाही आणि म्हटलं, उवा नाहीत, तर चालेल?"

भिंगरी खुदकन हसली. "माझी आई नाही ऐकून घेणार."

"पलीकडच्या इमारतीत मी शंभर जण तपासले, पाच सापडले. ते पाच जण आपापल्या खोलीत बसले. दोन आठवड्यांनी पुन्हा शंभर तपासले, तर एकच सापडला. आकडा त्यांचा मोठा आहे, पण काळजी मला तुमची वाटते."

"त्यांच्या फाटकाला लाल पट्टी लागली, ते नाही सांगितलंत," काका म्हणाले. "आमची अब्रू चव्हाट्यावर आणायला निघालात होय?"

नर्सबाईंनी चष्मा पुसला. "बारापर्यंत मी फाटकाशी बसते. कुणी आलं तर आलं."

भिंगरी दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळाली.

घरात आजोबा पलंगावर बसून छातीला बाम चोळत होते. त्यांच्या छातीचं दुखणं जुनं; चार पावलं चालले तरी धाप लागायची. साथ सुरू झाल्यापासून आई त्यांना दारापर्यंतही जाऊ देत नव्हती.

"आलीस? पाठीला लाव गं जरा."

त्या बामाचा वास असा, की शेजारच्या काकू दार लावून घ्यायच्या. भिंगरीने डबी उचलून हुंगली. मग नाकाला टेकवून पुन्हा हुंगली.

"आजोबा, बाम बदललात का?"

"छे गं, तोच. डोळ्यांत पाणी आलंय बघ माझ्या."

तिने डबी पलंगावर ठेवली आणि एक एक पाऊल मागे सरकत दारापर्यंत गेली.

"काय झालं?"

"काही नाही. आईला बोलावते."

आई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती.

"आई, मला बामाचा वास येत नाहीये."

आईचा हात थांबला. तिने आधी बाहेरच्या दाराकडे पाहिलं, मग आवाज उतरवला.

"सर्दी असेल."

"नाक वाहत नाहीये."

"असेल गं, साधीच असेल. आजचा एक दिवस जाऊ दे. तुझ्यामुळे अंगण बंद राहिलं, तर सगळी पोरं तुझ्या नावाने बोटं मोडतील. आजोबांजवळ जाऊ नकोस, म्हणजे झालं."

"पण परवापासून मी त्यांच्याच शेजारी झोपतेय."

आईने हातातली थाळी पुसून ठेवली.

"खालचे शिंपीकाका खोकतात," भिंगरी म्हणाली. "त्यांनाही साधी सर्दीच आहे का?"

आईने पुसलेलीच थाळी पुन्हा पुसायला घेतली. आतून आजोबांनी विचारलं, "अगं, येतंय का कुणी बाम लावायला?" आई त्या आवाजाच्या दिशेने वळली, दोन पावलं गेली, आणि आपल्या हाताकडे पाहत मध्येच उभी राहिली.

पावणेबारा वाजले होते. मागच्या बाजूला सेक्रेटरीकाका अंगणाच्या गंजलेल्या कुलपात तेल सोडत होते आणि त्यांच्याभोवती मुलांचा गलका चालला होता.

भिंगरीने खुंटीवरचा मास्क काढून नाकावर ओढला. मागून आई येते आहे का, हे तिने वळून पाहिलं नाही. जिना ती एक एक पायरी करत उतरली. फाटकाशी रांग नव्हती. नर्सबाईंसमोर एक रिकामी खुर्ची होती. कोपऱ्यावरून मुलं तिच्याकडे बघू लागली, एकाने तिला हाकही मारली.

तिने खुर्ची फिरवून मुलांकडे पाठ केली, बसली, मास्क खाली ओढला आणि तोंड उघडलं.