अचूक मापाचा टब

"आजपासून या गोठ्यात 'निकस चारा' हे शब्द कुणी उच्चारायचे नाहीत!"

भावजींनी ही घोषणा केली तेव्हा श्रोते दोनच होते, वहिनी आणि गाभण गाय. गाईने शेपटी वर करून मत नोंदवलं. भावजी चपला धुवायला गेले.

वजनमापे खात्यातून ते नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांची कृती अशी: शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया खत, साठ लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा, पेंढा तीन आठवडे हवाबंद झाकायचा, की तोच कोरडा पेंढा सकस होतो. ग्रॅमभरही चूक व्हायची नाही, म्हणून त्यांनी घरातली सगळी भांडी नापास केली. लिटरच्या खुणा बरोबर निघाल्या त्या एकाच निळ्या टबावर. त्यात गाय रोज पाणी प्यायची.

पेंढा शिंपडून, दाबून, झाकून झाला. टबाच्या तळाशी युरियाचं पाच-सहा लिटर पाणी उरलं. ते किती जास्त झालं याचा हिशेब वहीत लिहून भावजी परतले, तर टब कोरडा ठणठणीत. गाय ओठ चाटत होती.

"वहिनी, हे तुम्ही ओतलंत ना?"

"मी कशाला हात लावू तुमच्या प्रयोगाला?"

थोड्या वेळाने गाईचा कान थरथरला, मग खांदा. तोंडातून फेस गळू लागला, डावी कूस फुगली. ती कण्हली, आणि भावजींना आपलं सगळं आयुष्य चुकीचं मोजल्यासारखं वाटलं.

"पोटात वासरू आहे हो," वहिनी एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

फोनवर गुरांचे डॉक्टर म्हणाले, "मी निघालोच. युरियाची विषबाधा आहे, त्यावर व्हिनेगर लागेल. मिळेल तेवढं गोळा करा. तोवर तिला काही पाजू नका, नळी मी घालतो."

समोरच्या खानावळीतून सहा बाटल्या आल्या. डॉक्टर आले, नळीतून व्हिनेगर आणि गार पाणी पोटात गेलं. गाय गुडघ्यांवर आली. भावजींनी घड्याळाकडे पाहायचं सोडून दिलं. अंधारून आलं तेव्हा कुठे थरथर थांबली, आणि ती धडपडत उठली. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला.

"वासरू हलतंय. पण आजची रात्र कुणीतरी जागं राहा."

"मी," भावजी म्हणाले. "वहिनी, मी तुमचा गुन्हेगार आहे. काय शिक्षा द्याल ती..."

वहिनींनी शेवटची बाटली उजेडाला धरून पाहिली.

"यातलं थोडं उरलंय. आता उघडं नको ठेवायला. झाकण तेवढं शोधून द्या."