प्रीतमदादाचे चौदा देश

माझा भाऊ प्रीतम सहा वर्षांपासून तैवानमध्ये आहे. चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. शनिवार-रविवारला जोडून एखादी सुटी आली की तो विमानात बसतो. असं करत करत त्यानं आशियातले चौदा देश पाहिले. चौदा हा आकडा आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, कारण दादा घरी आला की पहिल्या दहा मिनिटांत तो आकडा येतोच.

गेल्या ऑक्टोबरमध्ये दादा बारा दिवसांसाठी नागपूरला आला. विमानतळावरून इंदोऱ्याला घरी पोचेपर्यंत तो तीनदा म्हणाला, "आमच्याकडे असं नसतं." एकदा हॉर्नवरून, एकदा रस्त्यावर बसलेल्या गायींवरून आणि एकदा ऊन फार आहे म्हणून.

आईनं शेवटी विचारलं, "आमच्याकडे म्हंजे कुठी रे?"

"तैवानमध्ये."

"मंग तिथल्या लोकाईले काय सांगतो? इंडियात असं नसते?"

मी गाडी चालवत होते, म्हणून मला हसता आलं नाही.

दादाचं म्हणणं असं, की तो टुरिस्ट नाही. टुरिस्ट म्हणजे बसमधून उतरून फोटो काढून परत बसमध्ये चढणारे लोक. तो ट्रॅव्हलर आहे. तो तिथल्या लोकांसारखा जगतो, तिथले लोक खातात तिथं खातो. हे सगळं तो मोबाइलवर दाखवायचा. व्हिएतनाममधलं कोणालाच माहीत नसलेलं नूडल्सचं दुकान, आणि त्याच्यासमोर रांगेत उभे असलेले पाठपिशव्यावाले चाळीस लोक. कंबोडियातला सूर्योदय, आणि सूर्याच्या बरोब्बर मधे दादा, हात पसरून. लाओस, हात पसरून. श्रीलंका, हात पसरून. आई म्हणाली, "प्रत्येक ठिकाणी वारा लय सुटते वाटते."

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी महिला मंडळाची वंदना असते. आई, म्हणजे इंदूबाई, मंडळाची खजिनदार; आणि मंडळ चालवतात त्या प्रयागबाई. प्रयागबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. मौद्याकडच्या गावात धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, त्यांचं अर्धं आयुष्य गेलं, नवरा गेल्यावर मुलाकडे नागपूरला आल्या. त्यांनी एकदा मनात आणलं की माणसाची सुटका नसते. त्यांनी दादाला रविवारी विहारात बोलवलं.

"तू एवढे बुद्धाचे देश पाहून आला. आम्हाले सांग नं गा थोडंसं. आम्ही काही दीक्षाभूमीच्या पुढी गेलो नाही."

दादा तयारच होता. त्यानं लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि पन्नास मिनिटं बोलला. पस्तीस बाया मांडी घालून ऐकत होत्या. कुठल्या महिन्यात गर्दी नसते, कुठल्या देवळात पहाटे पाचला गेलं तर फोटोत एकही माणूस येत नाही, थायलंडमधल्या भिक्खूंच्या चिवराचा रंग कॅमेऱ्यात कसा उठून दिसतो, असं सगळं.

मग प्रयागबाईंनी हात वर केला. "प्रीतम, तिथल्या बाया वंदना कशी करते? आपल्यावानीच पाली म्हणते का?"

"वंदनेच्या वेळेला मी नव्हतो, आजी. तेव्हा गर्दी असते."

"बरं. जेवाले काय घालते त्या? कोणाच्या घरी गेल्ता, तर काय केलं त्याईनं?"

"घरी नाही गेलो. तिकडे तशी पद्धत नसते."

"चौदाही देशात नसते?"

मागून दोघी-तिघी खुसखुसल्या. प्रयागबाईंनी मात्र अगदी मनापासून विचारलं होतं. "आणि तू राहते तिथी? शेजारीपाजारी?"

"तिथले लोक खूप प्रायव्हेट आहेत," दादा म्हणाला आणि पुढची स्लाइड लावली. पुढच्या स्लाइडवर तो हात पसरून उभा होता.

एवढ्यावर हे प्रकरण मिटलं असतं. पण मंगळवारी विहाराच्या समितीला निरोप आला, की थायलंडहून आलेल्या उपासिकांचा एक गट शहरात आहे, त्यांना एखाद्या साध्या वस्तीतल्या विहारात तासभर बसायचं आहे, तर गुरुवारी आणू का? मंडळात एकदम धावपळ सुरू झाली. रांगोळ्या कोण काढणार, सतरंज्या कोणाच्या आणायच्या. आणि बोलायचं कसं, हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी एकसाथ आईकडे पाहिलं.

दादानं जबाबदारी घेतली. घेतली म्हणजे ताबाच घेतला. "मला या लोकांची मानसिकता माहीत आहे," तो म्हणाला. पहिली सूचना त्यानं स्वयंपाकाबद्दल दिली. तिखट बिलकूल नको, परदेशी माणसांना सोसत नाही. त्यामुळे प्रयागबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा बिनमिरचीचं वांगं केलं आणि चाखून पाहिल्यावर झाकण लावून दूर सरकवलं. दुसरी सूचना, कोणी अंगाला हात लावायचा नाही. तिसरी, जवळ जाऊन बोलायचं नाही, त्यांना अंतर लागतं.

मी कळमेश्वरला एका पॅकिंग कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. गुरुवारी मी सुटी टाकली. हे मला चुकवायचं नव्हतं.

अकराच्या सुमारास बस आली. चौदा बाया उतरल्या. बहुतेक पन्नाशी-साठीच्या, पांढरे कपडे, पायांत साध्या चपला. दोघींनी मुंडण केलेलं होतं. त्यांच्याबरोबर इंग्रजी बोलणारा एक गाइड होता, पण बसचा एसी बंद पडला होता म्हणून तो ड्रायव्हरला घेऊन कामठी रोडवर मेकॅनिक शोधायला गेला. जाताना दादाकडे बघून म्हणाला, "तुम्ही आहात ना?"

"मी आहे," दादा म्हणाला.

मग दादा दारात उभा राहिला, कमरेत नव्वद अंशांत वाकला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "नी हाव!"

चौदा जणी थांबल्या. पुढची एक ठेंगणी, हसऱ्या चेहऱ्याची बाई मान हलवून म्हणाली, "नो चायना. थायलंड."

"येस, येस! थायलंड!" दादाचा चेहरा लाल झाला. "आय लव्ह थायलंड! फोर टाइम्स! फुकेत! पट्टाया!"

पट्टाया ऐकल्यावर मुंडण केलेल्या दोघींपैकी एकीनं खाली पाहिलं, आणि दुसरी फिस्सकन हसली.

दादानं मोबाइल काढला. भाषांतराच्या ॲपमध्ये तो म्हणाला, "कृपया आत येऊन बसा." मोबाइल थाई भाषेत काहीतरी बोलला. काय बोलला कोणास ठाऊक, पण चपला काढून दाराशी आलेल्या दोघी लगबगीनं मागे फिरल्या आणि परत चपला घालायला लागल्या. दादानं घाईघाईनं दुसरं वाक्य बोलून पाहिलं. आता त्या सगळ्याच बसकडे वळून पाहू लागल्या, पण बस नव्हती. पस्तीस आमच्या बाया एका बाजूला, चौदा त्यांच्या दुसऱ्या बाजूला, मधे दादानं ठरवून दिलेलं अंतर, आणि त्या अंतरात दादा, मोबाइल हलवत.

"अवं माय," प्रयागबाई म्हणाल्या, "हा त्याईले हाकलून तं नाही राहिला?"

त्या उठल्या. दादाला हातानंच बाजूला सारलं, बुद्धमूर्तीसमोर जाऊन गुडघे टेकले, आणि आपल्या फाटक्या, चढ्या आवाजात त्रिशरण सुरू केलं.

पहिली ओळ त्यांची एकटीची होती. दुसऱ्या ओळीला मागून आवाज आले. शब्द तेच, चाल वेगळी. आमची सरळ जाते, त्यांची लांबत लांबत खाली उतरते. मधे थोडी ओढाताण झाली. कोणी पुढे गेलं, कोणी मागे राहिलं. मग ती ठेंगणी बाई चपला काढून प्रयागबाईंच्या शेजारी येऊन गुडघ्यांवर बसली आणि पंचशीलाला दोघींनी एकमेकींच्या तोंडाकडे बघत वेग जुळवून घेतला. मी लहानपणापासून ते ऐकत आले आहे. अर्धा वेळ मी वंदनेत मोबाइल बघत असते. त्या दिवशी नाही बघितला.

वंदना झाल्यावर अंतर वगैरे उरलंच नाही. आमच्या बायांनी त्यांच्या बायांचे हात धरले, त्यांनी यांच्या बांगड्या पाहिल्या, नातवंडांचे फोटो निघाले. त्या ठेंगण्या बाईचं नाव माली. तिनं ते छातीवर हात ठेवून सांगितलं, आणि पाच मिनिटांत ती मालीबाई झाली. मालीबाईनं प्रयागबाईंचे तळहात उलटून पाहिले, मग स्वतःचे दाखवले, आणि कमरेत वाकून हवेत एक-एक रोप खोचायची खूण केली.

"रोवणा!" प्रयागबाई ओरडल्या. "अवं, हे बी रोवणेवाली हाय!"

त्याही वाकल्या. दोघी म्हाताऱ्या विहाराच्या फरशीवर मागे मागे सरकत धान रोवू लागल्या, शेवटी दोघींनीही एकदमच कंबर धरली आणि बाकीच्या हसून लोळल्या.

जेवण वाढलं. बिनमिरचीचं वांगं सगळ्यांनी सभ्यपणे चाखलं. मग मालीबाईनं पिशवीतून एक बाटली काढली, तिच्यातली लाल भुकटी वांग्यावर भरपूर शिंपडली आणि बाटली शेजारणीला दिली. बाटली चौदाही पानांवरून फिरली. प्रयागबाईंनी चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळे मिटले, आणि दादाकडे वळून म्हणाल्या, "याईलेच तिखट सोसत नाही म्हणत होता नं गा?"

दादा कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. त्याला कोणी काही विचारत नव्हतं. गाइड परत आला तेव्हा त्यानं दादाचे आभार मानले. सगळं छान जमलेलं दिसतंय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तेव्हा दादा वर आला. कठड्याला टेकून उभा राहिला.

"माझ्या शेजारी एक म्हातारा राहतो," तो म्हणाला. "सहा वर्षं. लिफ्टमध्ये रोज भेटतो. सुरुवातीला एकदा त्यानं मला पेरू दिले होते, पिशवीभर."

"मग?"

"मला वाटलं, चुकून माझ्या दाराशी ठेवले. मी सिक्युरिटीकडे जमा केले."

मला हसायचं होतं, पण त्याचा चेहरा पाहून जमलं नाही. मी त्याला बादलीतली चादर दिली, दुसरं टोक मी धरलं, दोघांनी पिळली. त्याला अजून काही बोलायचं होतं असं वाटलं. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला आणि तो खाली गेला.

संध्याकाळी त्याची पोस्ट आली. विहाराचा फोटो, वंदनेला बसलेल्या बाया पाठमोऱ्या. खाली लिहिलं होतं: मध्य भारतातलं अजून कुणालाच न सापडलेलं एक रत्न. इथं मी थाई यात्रेकरू आणि स्थानिक महिला यांच्यात संवाद घडवून आणला. नऊशे लोकांना ते आवडलं. अकरा जणांनी पत्ता विचारला. आई म्हणाली, "कोणाले नाही सापडलं? रोज झाडून राहिलो नं आम्ही तिथी."

मालीबाई आणि प्रयागबाई यांचं मात्र सुरू राहिलं. मालीबाईच्या मुलीला इंग्रजी येतं, मला येतं, म्हणून निरोप आमच्या दोघींमार्फत जायचे. बहुतेक निरोप गुडघ्यांबद्दल असायचे. डिसेंबरमध्ये मालीबाईनं लिहिलं, कापणी झाली, आता या. प्रयागबाईंनी स्वतःचा आणि आईचा पासपोर्ट मागे लागून काढून घेतला, आणि फेब्रुवारीत त्या दोघी थायलंडमधल्या खोन केन शहराजवळच्या मालीबाईच्या गावी गेल्या. बारा दिवसांसाठी.

दादानं त्यांना सात पानांचा कार्यक्रम करून पाठवला होता. चौथ्या दिवशी त्यानं तैवानहून आणि मी नागपूरहून एकत्र व्हिडिओ कॉल लावला. आई लाकडी खांबांवर उभ्या असलेल्या एका घराखाली बसून लसूण सोलत होती. मागे प्रयागबाई मालीबाईच्या हातमागावर बसल्या होत्या आणि धोटा चुकीच्या बाजूनं सारल्याबद्दल बोलणी खात होत्या, थाईमध्ये. त्या मराठीत उलट बोलत होत्या.

"पहिल्या पानावरचं देऊळ पाहिलं का?" दादानं विचारलं.

"नाही."

"मग चार दिवस केलं काय?"

"काल इथल्या एकीले पोरगी झाली. तिले पाहाले गेल्तो." आईनं पाकळी वाटीत टाकली. "आज लसूण हाय."

दादा मग म्हणाला, "मी शनिवारी येऊ का?"

आईनं मागे वळून खुणेनं विचारलं. मालीबाईनं मागाशेजारून मान वर केली, आणि विचारायचं काय त्यात, असा हात हलवला.

तो खरंच गेला. शनिवारी दुपारी पोचला. त्याला चटईवर बसवलं, पाणी दिलं, आणि त्याच्या पुढ्यातही लसूण ठेवला. त्यानं अर्धा किलो सोलला, असं आई सांगते, आणि मोबाइल खिशातच होता. मग संध्याकाळी डास आले. रात्री पंखा होता, एसी नव्हता. इंटरनेट ओट्याच्या एका कोपऱ्यातच मिळायचं. रविवारी सकाळी तो म्हणाला, ऑफिसचं एक काम निघालं, शहरातल्या हॉटेलातून करतो आणि तिथूनच परस्पर विमानतळावर जातो.

मालीबाईनं त्याच्यासाठी पहाटे उठून चिकट भात शिजवला होता. बांबूच्या झाकणाच्या टोपलीत भरून, वर तळलेला मासा ठेवून, तिनं तो त्याच्या हातात दिला. गाडी आली. पिशव्या चढवण्याच्या गडबडीत दादानं टोपली ओट्यावर टेकवली आणि तशीच विसरला.

आई टोपली घेऊन रस्त्यापर्यंत धावली, पण गाडी वळून गेली होती. मग ती आणि प्रयागबाई दोघींनी ओट्यावर पाय सोडून बसून तो भात खाल्ला. मासा फार छान होता, असं आईनं मला दोनदा सांगितलं.