फेलिममामाला पटलं

"चल रे, वर चल," म्हणत फेलिममामाने काळ्या बैलाच्या पाठीवर थाप मारली. बैल ट्रकच्या फळीवर चढला आणि बाकीचे मुकाट त्याच्या मागे निघाले. फाटक धरून उभ्या असलेल्या सोरखाला एका जागी उभं राहवेना. खरं तर आज आनंदानं तिचे पाय जमिनीवर ठरायला नको होते.

सोरखाच्या शाळेनं एका उपक्रमात पाच वासरं वाढवायला घेतली होती, आणि मुलांनी गावोगाव एकच गोष्ट पटवायची होती. मांसासाठी पाळलेला बैल आणखी एक हिवाळा गोठ्यात पोसत बसू नका, दोन वर्षांचा झाला की कत्तलखान्याला पाठवा. चारा वाचतो, बैलांच्या ढेकरांनी हवा बिघडते तीही कमी. लीट्रिम परगण्याच्या त्या पंचक्रोशीत एकच माणूस हटून बसला होता, तोही घरचाच. सोरखाच्या आईचा थोरला भाऊ, सडाफटिंग, डोंगरावर एकटा. बैल चांगले थोराड होईपर्यंत ठेवायचा आणि घाई कुणाला आहे, म्हणायचा. सोरखानं चर्चच्या हॉलात भर सभेत त्याला असं धारेवर धरलं की लोकांनी टाळ्या पिटल्या. मामा उठला, हातातली टोपी चुरगाळत म्हणाला, पोरीचं खरं आहे.

काल रात्री बटाटे सोलता सोलता आई सहज बोलून गेली. गेल्या हिवाळ्यात मामा फोन उचलेना म्हणून ती घाबरून वर गेली, तर हा बाबा जेवणाचं ताट घेऊन गोठ्यात बसलेला, आणि रविवारची फुटबॉलची मॅच आपल्या संघानं कशी हातची घालवली ते बैलांना समजावून सांगत होता. आई हसली. सोरखाला मात्र तेव्हापासून चैन नव्हतं.

"मामा, दोन राहू देत ना," ती आता म्हणाली. "या हिवाळ्यापुरते."

ड्रायव्हर पॅकी खो खो हसला. मास्तरच कॉपी करायला सांगायला लागले, म्हणाला.

मामा हसला नाही. "हॉलात सांगितलंस ते खोटं होतं का?"

"नाही."

"मग झालं तर." त्यानं ट्रकची कडी लावली.

ट्रक उतारावरून दिसेनासा झाला. मामा अंगण झाडू लागला. झाडण्यासारखं फार नव्हतंच. झाडू भिंतीला टेकवला, पुन्हा उचलला, पुन्हा टेकवला. सोरखा फाटकापाशीच उभी राहिली. घरी जावं तरी पंचाईत, थांबावं तरी पंचाईत.

"उद्या शाळा सुटल्यावर काय करतेस तू?" तिच्याकडे न बघता त्यानं विचारलं. आजवर त्यानं असं कधी विचारलं नव्हतं.

उद्या शाळेतल्या गॅफनी बाई तिला तळ्यापलीकडे, पंचक्रोशीबाहेरच्या ब्रोगनकडे त्याला पटवायला नेणार होत्या. बायको गेल्यापासून तोही एकटाच राहायचा, आणि त्याचे बैल अजून गोठ्यातच होते. तुझ्याशिवाय तो कुणाचं ऐकणार नाही, असं बाई म्हणाल्या होत्या.

"काही नाही," सोरखा म्हणाली.