थोरला, धाकटा आणि कपाट

ताईनं तीन वर्षं माझी वाट पाहिली होती. दरवर्षी आम्ही दोघी बहिणींनी आठ दिवस समुद्रावर जायचं ठरवायचं आणि ऐन वेळी मी टांग द्यायची. कारण एकच, आमच्या रक्ततपासणीच्या लॅबमधले सर्व्हर. त्यांचं पान माझ्याशिवाय हलत नाही, असं माझं ठाम मत होतं. यंदा ताईनं फोनवर एवढंच सांगितलं, "उद्या सकाळी सातला गाडी घेऊन दारात येते. नाही आलीस तर पुन्हा विचारणार नाही." ताई रागावली की ओरडते. या वेळी ओरडली नाही, म्हणून मी घाबरले.

लॅबच्या प्रमुख डॉक्टर मॅडमनी रजेला एक अट घातली. "तुमच्याशिवाय सगळं चालतं, एवढं आज दाखवा आणि खुशाल जा."

आमच्याकडे सर्व्हर दोन. थोरला रोजचं काम ओढतो, धाकटा नुसता जागा राहतो. दोघांत मिळून डिस्कचा एक खोका, त्यात सगळ्या पेशंटचे रिपोर्ट. त्याला आम्ही कपाट म्हणतो. थोरला आडवा झाला की धाकट्यानं मिनिटभरात कपाट ताब्यात घ्यायचं आणि बाहेर कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. या जोडीला म्हणायचं क्लस्टर.

एक ते दोन लॅब जेवणासाठी बंद असते. रोज या वेळात मी लेकीला शाळेतून घरी सोडते. आज नवऱ्याला पाठवलं आणि बरोब्बर एकला थोरला बंद केला.

धाकट्यानं कारभार हातात घेतला, पण कपाट काही उघडेना. पडद्यावर लाल अक्षरं आली, ऑफलाइन.

शेजारच्या टेबलावरचे तात्या लॅबचं नेटवर्क सांभाळतात. ते डबा बाजूला सारून उठले. "मी बघू का जरा?"

"तात्या, तुम्ही जेवा हो निवांत."

मी केबल काढून पुन्हा घातली. परवानग्या तपासल्या. डिस्क ठणठणीत होती, धाकट्याला दिसतही होती. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा लाल. मॅडम दारात आल्या, घड्याळाकडे बघून परत गेल्या. दोन वाजता लॅब उघडणार होती, तोवर धाकट्यानं कपाट घेतलं नाही तर रजा गेली आणि बहुतेक ताईही गेली.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन. "बाई पोरगी देत नाहीयेत."

"देत नाहीयेत म्हणजे?"

"शाळेच्या फॉर्मवर, मुलीला कोण नेऊ शकतं, तिथे फक्त तुझं नाव आहे."

"अरे, तू बाप आहेस तिचा!"

"पोरीचं नाक माझंच आहे, ते बाईंना मान्य आहे. पण यादीत नाव नाही. आणि तुझी लेकपण त्यांच्याच बाजूनं. नियम म्हणजे नियम, म्हणते."

मी बाईंची माफी मागितली. नवऱ्यानं नवा फॉर्म भरून द्यायचा, असं ठरलं. फोन ठेवला आणि पडद्याकडे बघत राहिले. धाकटा कपाटासमोर उभा, कपाट त्याला दिसतंय, तरी कुणी ते देत नाहीये. मग यादी कुठली आडवी आली?

क्लस्टरमध्येही अशी एक यादी असते, हे कपाट कोण कोण घेऊ शकतं त्याची. सेटिंगच्या अगदी शेवटच्या पानावर. उघडली. थोरल्यापुढे टिक होती. धाकट्यापुढचा चौकोन रिकामा.

"हे कुणी केलं?" तात्यांनी विचारलं.

"मीच." दोन वर्षांपूर्वी धाकट्याचा पंखा कुरकुरत होता. त्याचा भरवसा नको म्हणून दोन दिवसांपुरती टिक काढली होती. पंखा बदलला, टिक द्यायची राहिली. दोन वर्षं तो बिचारा नुसताच जागा होता. मला मनापासून शरम वाटली.

टिक दिली. कपाट अकरा सेकंदांत उघडलं. पावणेदोनला मॅडमनी रजेच्या अर्जावर सही केली.

मग मी आणखी एक यादी उघडली. सर्व्हर बंद पडला तर कुणाच्या फोनवर निरोप जायचा, ती. एकच नंबर होता, माझा. तिथे तात्यांचा घातला, पासवर्डही दिला. "दोन वर्षं मागतोय," तात्या म्हणाले आणि गार झालेला डबा पुढे ओढला.

ताईबरोबर समुद्रावर काढलेल्या आठ दिवसांत लॅबमधून एकही फोन आला नाही. परतले तेव्हा नोंदीत दिसलं की मंगळवारी थोरला खरंच बंद पडला होता, चांगला चार तास. "मला कळवलं नाहीत?" मी विचारलं. "कळवण्यासारखं काही झालंच नाही," तात्या म्हणाले. मला आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्याच दिवशी एक वाजता मी शाळेच्या फाटकाशी पोचले. लेक उड्या मारत आली, पण बाईंनी तिचा हात सोडला नाही. दुसऱ्या हातातला नवा फॉर्म त्या वरून खाली वाचत होत्या. खाली नवऱ्याची सही होती. नावही त्याचंच होतं, एकट्याचं.

"कपाळ अगदी तुमचंच आहे हो," बाई म्हणाल्या, "पण यादीत तुम्ही नाही."

मी हसत हसत नवऱ्याला फोन लावला.