ट्रेगॅरिकच्या पुलावरची दोन मिनिटं

मित्रांनो, मी एक जुनी शिट्टी आहे, रेल्वेच्या गार्डची. पुढचं ऐकाल तर म्हणाल, ही थापा मारते. खुशाल म्हणा! पण एकदा लंडनला निघालेली अख्खी गाडी मी नुसती मुकी राहून रोखून धरली होती.

माझा जन्म बर्मिंगहॅमचा, अंग पितळेचं. पेन्झान्स ते लंडन, तीनशे मैलांची वाट मी गार्ड डेन्झिल ट्रेविनच्या खिशात, तंबाखूच्या पुडीशेजारी बसून एकतीस वर्षं केली. डॉलिशला समुद्राच्या लाटा रुळांवर चालून येत. मी वाजले की निमूट माघारी फिरत. आता मी ट्रेगॅरिक स्टेशनच्या चहाघरात खिळ्याला टांगलेली असते. पितळ काळं पडलंय. डेन्झिल मात्र रोज येतो, मला बाहीनं पुसतो आणि भेटेल त्याला तीच गोष्ट सांगतो.

काल शाळेची मुलं आली होती.

"किनाऱ्याकडची छोटी गाडी आली उशिरा," तो सांगू लागला. "अशा वेळी लंडनच्या मोठ्या गाडीनं दोन मिनिटं थांबायचं, हा आमचा जुना रिवाज. पण त्या दिवशी वरून ताकीद होती, एक क्षणही थांबायचं नाही. इकडे छोटीतून उतरलेली टॅमसिन पॅस्को पुलावरून धावतेय, तिकडे लंडनच्या वाटेवर एक्सेटरला तिची आई शेवटच्या घटका मोजतेय. गाडी सोडायला मी फुंकली, तर हिचा आवाजच फुटेना! टॅमसिन डब्यात चढली, मगच ही वाजली."

"शिट्टी रुसते होय, आजोबा?" एक मुलगी फिसकन हसली.

"आमच्या कॉर्नवॉलच्या थुंकीवर वाढलीय गं ती! हट्टी असणारच."

सगळे हसले. डेन्झिलची बोटं मात्र मला गच्च आवळून होती. ही गोष्ट सांगताना नेहमीच आवळतात.

म्हणून सांगते मित्रांनो, जुन्या वस्तू टाकू नका. त्यांना पुसा, जपा. माणसाला जे जमत नाही, ते कधीकधी त्या...

"वाजली होती ती, डेन्झिल."

खिडकीपाशी एक म्हातारी बसली होती. पुढ्यातल्या केशर घातलेल्या पावाला तिनं हातही लावला नव्हता.

"टॅमसिन? तू... इथं?"

"पुलाच्या मधोमध होते मी. हात वर करून ओरडत होते. आई चारला गेली, मी पुढच्या गाडीनं पोचले पाचला." तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "त्या बिचारीवर कशाला ढकलतोस रे? तू आधी माझ्याकडे बघितलंस. मग घड्याळाकडे. आणि मग फुंकलंस."